मर्यादवेल: पुळणीवर आणि अंगणात रुजवायची कशी

समुद्रालगत घर किंवा वाडी असलेले लोक, होमस्टे चालवणारे आणि गावाचा किनारा राखू पाहणारी तरुण मंडळं, सगळ्यांना एकच प्रश्न पडलेला असतो: वाळू धरून ठेवील असं लावायचं काय? बहुतेक जण सुरूची रोपं आणतात, कुणी लॉन लावतं, कुणी बोगनवेल. मी दरवेळी मर्यादवेलीचं नाव सुचवतो. ती इथलीच आहे, खारा वारा सोसते, पाणी मागत नाही, आणि तिची जांभळट गुलाबी फुलं बागेतल्या कुठल्याही विकतच्या वेलीच्या तोडीची असतात.

कोकण-गोव्याच्या निवांत पुळणींवर ती अजून भरपूर दिसते. पण जिथे किनाऱ्यावर गाड्या उतरतात, रोज यंत्राने कचरा ओढला जातो, खुर्च्या-छत्र्या मांडल्या जातात, तिथून ती हटत चालली आहे. आणि ती हटली की वाळूचे लहान उंचवटे, म्हणजे वाळूच्या टेकड्यांची पहिली रांग, वाऱ्यावर उडून जाते. ही रांग म्हणजे समुद्राने स्वतःसाठी ठेवलेली शिल्लक आहे. पावसाळ्यातल्या मोठ्या लाटा ती वाळू ओढून नेतात, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा बांध घालतात, आणि ऑक्टोबरनंतर समुद्र शांत झाला की छोट्या लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. परत आलेली वाळू अडवून ठेवायला जमिनीवर काहीतरी पसरलेलं लागतं. हे काम मर्यादवेल फार चांगलं करते.

आधी वेल नीट ओळखा

शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-काप्रे. रताळं आणि नाळीची भाजी याच प्रजातीगटातली, म्हणून फुलाचा घाट ओळखीचा वाटतो: नरसाळ्यासारखं, आत गडद. फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटून जातं, त्यामुळे पाहायचं तर सकाळी जा. ओळखीची खरी खूण पान आहे. आपट्यासारखं दोन पाळ्यांचं, जाड, चामड्यासारखं, चकचकीत. देठ मोडला की पांढरा चीक येतो. देठ पानाला मिळतो तिथे दोन बारीक ग्रंथी असतात. त्यांतून गोड रस झरतो, म्हणून वेलीवर मुंग्यांची वर्दळ असते. ती कीड नव्हे, मारायला जाऊ नका.

फुलावरून गफलत होते ती दोन परदेशी वनस्पतींशी. एक बेशरम: ती वेल नसून उभं झुडूप आहे, पान लांबट बदामी, ओढ्या-नाल्याच्या कडेला माजलेली असते. दुसरी रेल्वे क्रीपर: कुंपणावर चढणारी, पान बोटं फाकावीत तसं पाच भागांत चिरलेलं. दोन्ही दक्षिण-मध्य अमेरिकेकडून किंवा आफ्रिकेकडून आपल्याकडे पसरलेल्या, आणि किनाऱ्यावर नेऊन लावण्याजोगी एकही नाही. रोपवाटिकेत ‘बीच क्रीपर’ म्हणून काही दाखवलं तर आधी पान बघा.

वेल खाण्याची नाही. रताळ्याची नातेवाईक आहे म्हणून पान-बी तोंडात घालू नये. बी जुलाब घडवतं. लहान मुलं आणि गुरं असतील तिथे हे लक्षात ठेवा.

जागा निवडणं हे अर्धं काम

किनाऱ्यावर लावणार असाल तर अमावस्या किंवा पौर्णिमेनंतरच्या उधाणाच्या भरतीला जाऊन उभे राहा. पाणी जिथवर आलं तिथे वाळलेलं शेवाळ, काटक्या, करवंट्या आणि दुर्दैवाने प्लास्टिक यांची एक रेघ उरते. पावसाळ्यातली रेघ हिवाळ्यातल्या रेघेपेक्षा बरीच वर असते, म्हणून फक्त डिसेंबरात पाहून जागा ठरवू नका. गावातल्या जुन्या मच्छीमारांना विचारा, जून-ऑगस्टात पाणी कुठवर चढतं ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्या सगळ्यात वरच्या रेघेच्या मागे, जमिनीकडच्या बाजूला चार-पाच पावलं सोडून लावणीची पहिली ओळ घ्या.

नवखे लोक नेमकं उलट करतात. वेल समुद्राच्या पुढ्यात हवी म्हणून अगदी पुढे लावतात आणि पहिल्याच उधाणात सगळं वाहून जातं. पुढे जाण्याचं काम वेलीवर सोडा. तिच्या फांद्या जमिनीवर सरपटत दहा मीटर आणि त्याहूनही लांब जातात, प्रत्येक पेऱ्याला मुळं सोडतात. पावसाळा संपला की ती आपणहून समुद्राकडे उतरते, पुढच्या पावसाळ्यात लाटा पुढचा भाग तोडतात, मागचा उरतो आणि पुन्हा उतरतो. हे चालूच राहतं आणि तसंच चालायला हवं.

कासवांच्या किनाऱ्यावर एक पथ्य कडक पाळा. ऑलिव्ह रिडले कासवं आपल्याकडे साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतात. वेळास, आंजर्ले, गावखडी, वायंगणी, गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग ही नावं तुम्ही ऐकली असतील. मादीला घरटं खणायला उघडी, मोकळी वाळू लागते आणि दाट वेलीची मुळं घरट्यात शिरली तर अंड्यांना अपाय होतो. तेव्हा अशा ठिकाणी उधाणाच्या रेघेजवळची मोकळी पट्टी मोकळीच ठेवायची, वेल फक्त मागच्या उंचवट्यावर. नोव्हेंबर ते मे या काळात तिथे खणाखणी करायची नाही, आणि काय करायचं ते आधी वनविभाग व स्थानिक कासवमित्रांशी बोलून ठरवायचं. ऑलिव्ह रिडलेला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे.

परवानगीचंही बघून घ्या. सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, २०११ आणि २०१९ या दोन्ही अधिसूचनांनी वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा अतिसंवेदनशील, म्हणजे ‘एक-अ’ वर्गात ठेवल्या आहेत. आपण बांधकाम करत नाही, तरीही सार्वजनिक किनाऱ्यावर काही लावायचं तर ग्रामपंचायतीला लेखी कळवा, जागा वनखात्याची असेल तर त्यांची संमती घ्या. गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, २००२ च्या जैवविविधता कायद्याने ती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायलाच हवी. तिला सोबत घेतलं की पुढे राखणीलाही मदत मिळते.

काडीपासून लावणं सोपं

रोप विकत मिळालं नाही तरी अडत नाही. त्याच किनाऱ्यावरची, फार तर शेजारच्या गावची निरोगी वेल शोधा. लांबून, दुसऱ्या राज्यातून किंवा ऑनलाइन मागवू नका. जवळचं वाण त्या वाऱ्याला, त्या पावसाला सरावलेलं असतं.

काड्या एकाच वेलीच्या घेऊ नका. या जातीत स्वतःच्याच परागाने बी नीट धरत नाही, आणि एका वेलीच्या सगळ्या काड्या म्हणजे झाडाच्या दृष्टीने एकच वेल. पाच-सहा वेगवेगळ्या जागच्या वेलींवरून थोड्या थोड्या घ्या, म्हणजे पुढे भुंगे-मधमाश्या इकडून तिकडे पराग नेतील आणि बी धरेल. एका वेलीची दहातली एखादी फांदी कापली तर तिला काही होत नाही. समुद्राकडच्या टोकाच्या फांद्या मात्र राहू द्या, वाळू अडवण्याचं काम त्याच करत असतात.

धारदार कोयत्याने किंवा कात्रीने हात-दीड हात लांबीच्या काड्या कापा. प्रत्येकीला किमान तीन-चार पेरी हवीत. पेऱ्यांना आधीच बारीक मुळं फुटलेली असतील तर उत्तम, ती काडी बहुधा दगा देत नाही. टोकाकडची एक-दोन पानं ठेवून बाकीची काढून टाका, नाहीतर पानं पाणी उडवत राहतात आणि काडी सुकते. चीक वाहायचा थांबला की ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. त्याच दिवशी लावणं सगळ्यात चांगलं, दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं.

लावणीची वेळ म्हणजे पाऊस एकदा नीट लागल्यावरचा जून. तेव्हा पाणी घालायची गरज उरत नाही. पण जिथे पावसाळ्यात लाटांचा मारा टेकडीच्या पायथ्यापर्यंत येतो तिथे सप्टेंबरच्या शेवटी लावा, परतीच्या पावसावर मुळं धरतात आणि पुढे सात-आठ महिने समुद्र शांत असतो. त्या लावणीला मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात आठवड्यातून दोनदा पाणी घालायला माणूस हवा.

वाळूचा वरचा थर कोरडा दिसतो, पण वीतभर खाली ओल असते. ती लागेपर्यंत तिरका चर खणा, काडी आडवी-तिरपी ठेवा, तीनपैकी दोन पेरी पुरेशी खोल गाडा, टोक पानासह वर राहू द्या, पायाने हलकं दाबा. दोन काड्यांत एक मीटर अंतर आणि पुढची ओळ आधीच्या ओळीच्या मधल्या जागांसमोर, म्हणजे वाऱ्याला सरळ वाट राहत नाही. खत अजिबात नको. दोन-तीन आठवड्यांत काडी ओढून बघण्याचा मोह होतो. तो आवरा, नवं पान दिसलं की मूळ आलं असं समजा.

बियांपासून

बी गोळा करायचं तर पावसाळ्यानंतर वेलीखाली वाकून बघा. वाटाण्याएवढ्या ते छोट्या बोराएवढ्या गोल बोंडात चार बिया असतात, तपकिरी मखमली लव असलेल्या. बोंड वाळून तडकलं की काढा. ही बी समुद्राच्या पाण्यावर महिनोन्महिने तरंगते आणि तरीही जिवंत राहते. उष्ण कटिबंधात जवळजवळ सगळीकडच्या पुळणींवर ही वेल आहे ती याच बळावर. पण त्यासाठी तिला जे कठीण कवच दिलं आहे ते तुमच्या कुंडीत आडवं येतं. तशीच पेरलेली बी कधी कधी वर्षभर झोपून राहते.

म्हणून कवच थोडं उघडून द्यायचं. बीच्या एका बाजूला देठाचा डाग दिसतो. त्याच्या विरुद्ध बाजूला पॉलिश पेपरने घासा, आतला फिकट भाग दिसेपर्यंत, त्यापुढे नाही. नेलकटरने बारीकसा टवका काढला तरी चालतो. मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. सकाळी फुगलेल्या बिया लगेच पेरा. न फुगलेल्या पुन्हा घासून पुन्हा भिजवा. वाळू तीन भाग आणि माती एक भाग अशा मिश्रणात बोटाच्या पेराएवढ्या खोल पेरलं तर आठवडाभरात पहिली बीजपत्रं वर येतात, तीही दोन पाळ्यांची. पिशव्या उंच घ्या, कारण मूळ खाली वेगाने जातं. दोन-अडीच महिन्यांचं रोप किनाऱ्यावर न्यायला तयार होतं. न्यायच्या आधी दोन आठवडे पाणी कमी करा आणि पूर्ण उन्हात ठेवा.

काडीने काम लवकर होतं, बियाने वेलींत विविधता राहते. मोठ्या लावणीत दोन्ही मिसळावं, असं माझं मत आहे.

झावळ्यांचं कुंपण

जिथे उंचवटाच उरलेला नाही, नुसती सपाट वाळू आहे, तिथे वेलीआधी वाळू अडवावी लागते. त्याला सिमेंट लागत नाही. माडाच्या झावळ्या प्रत्येक वाडीत पडलेल्या असतात. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला आडवी अशी गुडघाभर उंचीची झावळ्यांची रांग रोवा. ती भिंतीसारखी गच्च करू नका. निम्मी मोकळी, निम्मी झाकलेली अशी हवी. वारा आरपार जातो, पण त्याचा वेग मंदावतो आणि बरोबरची वाळू मागे पडते. गच्च भिंतीला वारा वळसा घालतो आणि पायथा उकरतो. दगडी बंधाऱ्यापुढची वाळू लाटा परतवताना खचते, ती याच जातीची गोष्ट आहे. वाळू साठायला लागली की कुंपणाच्या जमिनीकडच्या बाजूला वेल लावा. मर्यादवेल वाळूखाली गाडली गेली तर गुदमरत नाही, उलट वरच्या पेऱ्यांतून नवी मुळं-फांद्या काढून वर येते. झावळ्या वर्ष-दोन वर्षांत कुजून जातात, तोवर वेलीने जागा घेतलेली असते. कासवांच्या हंगामात असं कुंपण पुळणीवर आडवं ठेवू नका.

अंगणात आणि कुंडीत

घरच्या बागेत हिला दोनच गोष्टी लागतात: दिवसभराचं ऊन आणि निचरा. माडाच्या दाट सावलीत वेल पसरते, पण फुलत नाही. वाडीच्या समुद्राकडच्या कडेला, गडग्यावरून खाली सोडायला, उताराच्या वाळूमय जमिनीवर ती शोभते. भाजीच्या वाफ्याशेजारी लावू नका, कारण पेऱ्यापेऱ्याला रुजत ती वाफ्यात शिरणार. रताळी करत असाल तर आणखी लांब ठेवा: रताळ्याला पोखरणारा भुंगा या वेलीवरही जगतो.

पुण्या-मुंबईच्या गच्चीवर चौदा इंची पसरट कुंडी घ्या, तळाला भरपूर भोकं. बांधकामाची जाडसर वाळू तीन भाग, माती एक भाग. किनाऱ्यावरची वाळू उचलून आणू नका. सीआरझेडमध्ये वाळू काढायला बंदी आहे, आणि ज्या टेकडीसाठी आपण झटतो तिचंच ते नुकसान. शेणखत मूठभर, तेही वर्षातून एकदा. जास्त घातलं की नुसती पानं माजतात. मुळं धरल्यावर वाळू वरून दोन बोटं सुकल्याशिवाय पाणी नको. कुंडीत पिठ्या ढेकूण लागतो, तो साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसला की जातो. फांद्या कठड्यावरून खाली सोडा. मर्यादवेल सरपटणारी आहे, तिला जाळीवर चढवण्याचा खटाटोप करू नका.

परदेशात राहणाऱ्यांसाठी: मॉरिशस, फ्लोरिडा, क्वीन्सलँड अशा ठिकाणी ही वेल तिथल्या किनाऱ्यांवर मूळचीच आहे. तिथलीच काडी, तिथल्या नियमांनी मिळवा. भारतातून बी खिशात घालून नेऊ नका.

सोबती

एकट्या मर्यादवेलीवर किनारा सोडू नये. तिच्यासोबत पुढच्या बाजूला रावणाच्या मिशा म्हणतात ते काटेरी गवत, स्पिनिफेक्स, हवं. त्याचे काटेरी गोळे वाऱ्यावर पुळणीवरून घरंगळत जाताना तुम्ही पाहिले असतील. अबईच्या जातकुळीतली समुद्रकाठची शेंगवेल, कॅनाव्हेलिया, वाळूत नत्र घालते. खाडीच्या बाजूच्या ओलसर खाऱ्या जागेत धापा ही सरपटणारी वनस्पती. आणि मागे, टेकडीच्या जमिनीकडच्या उतारावर वनजाई, केवडा, उंडी. ही उतरंड तशीच ठेवा: पुढे सरपटणारं, मग झुडूप, मग झाड.

सुरूबद्दल मी ठाम आहे. पुढच्या टेकडीवर तो नको. त्याच्या सुयांचा थर जमिनीवर साचतो आणि त्याखाली मर्यादवेल तग धरत नाही. जुनं बन असेल तर तोडायची गरज नाही, पण नवी लागवड त्याच्या समुद्राकडच्या उघड्या पट्टीत न्यायची नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं आणि माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्यानंतर किनाऱ्यावर झाडं लावण्याचा उत्साह वाढला, तो चांगलाच आहे. त्यातला थोडा तरी वेलींच्या वाट्याला यावा.

पहिलं वर्ष राखणीचं

लावलेलं मरतं ते बहुधा पाण्यावाचून नाही, पायांखाली आणि चाकांखाली. मुळं धरायच्या आत एक गाडी फिरली की ओळच्या ओळ जाते. लावणीभोवती बांबूचे खुंट आणि काथ्याची दोरी बांधा, नायलॉन नको, ते समुद्रात जाऊन कासवांच्या गळ्यात येतं. किनाऱ्यावर जायला एक अरुंद वाट मुद्दाम मोकळी सोडा, थोडी तिरपी, सरळ वाऱ्याच्या रेषेत नको. वाट दिली की माणसं वेलीवरून चालत नाहीत. एका फळीवर मराठीत ‘इथे मर्यादवेल लावली आहे, वाटेने चला’ एवढं लिहिलं तरी फरक पडतो.

किनारा स्वच्छता मोहिमेवाल्यांशी आधीच बोला. कचरा हाताने वेचा, वाळूवरून यंत्र किंवा दाताळं फिरवू नका, वाळलेलं शेवाळ आणि काटक्या राहू द्या. त्यांच्याभोवतीच वाळूचे पहिले उंचवटे धरतात.

पहिल्या पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात एक फेरी मारून मेलेल्या जागी नव्या काड्या लावा. तिसरा हिस्सा गेला असेल तर निराश होऊ नका, उघड्या किनाऱ्यावर हे होतं. जानेवारीत फांद्या किती पुढे गेल्या ते एका ठरावीक खुंटापासून मोजून वहीत लिहा, त्याच जागेवरून दरवर्षी फोटो काढा. पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीकडे आणखी जागा मागायची असेल तेव्हा हीच वही कामाला येते. आणि वेलीवर बोंडं धरली की निम्मी तिथेच पडू द्या. उरलेली वाळवून कागदी पाकिटात गावाचं नाव व तारीख घालून ठेवा, शेजारच्या गावातून कुणीतरी मागायला येईलच.